दिवेलागणीनंतर या

पहाटे पावणेसहा

डिसेंबरात पावणेसहाला पुण्यात रात्रच असते. सूर्य वर यायला सात वाजतात. दिवा लावायच्या आधी मी दारातूनच हाक मारते, "बासू, उठतेस का गं?" आणि टाचेने फरशीवर ठोकते. झोपलेल्या कुत्र्याला, त्यातून कमी दिसणाऱ्या, अंगाला हात लावून उठवू नये. दचकून त्याने तोंड घातलं तर दोष त्याचा नसतो. ठोकल्याचा हादरा फरशीतून पोचतो, कान हलतो, शेपटी सतरंजीवर आपटायला लागते. मग दिवा.

बासू म्हणजे बासुंदी. दुधाळ पिवळ्या रंगाची लॅब्रॅडॉर, दातांवरून वय सहाच्या आसपास. पोटाखाली लोंबणारी आचळं सांगतात की तिच्याकडून पिल्लांची बरीच वेतं काढून घेतलेली आहेत. कात्रजच्या बोगद्यापलीकडे रस्त्याच्या कडेला ती एका फीडरला, म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्याला, सापडली. गळ्यात पट्टा नव्हता, पट्ट्याचा घट्टा होता. मी फॉस्टरिंग करते, म्हणजे रस्ता आणि कायमचं घर यांच्या मधला मुक्काम माझ्याकडे असतो. औषधपाणी, लसी, नसबंदीनंतरची देखभाल, माणसांत वावरायची सवय, आणि मग योग्य घर शोधणं. बासूचं बाकी सगळं झालं आहे. घर राहिलं आहे.

तिच्या डोळ्यांचा आजार असा की तिची नजर दिवसाच्या प्रहराप्रमाणे बदलते. डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. मंद उजेडात कामाला येतात त्या दंडपेशी, लख्ख उजेडात कामाला येतात त्या शंकुपेशी. या आजारात, डॉक्टर त्याला पीआरए म्हणतात, दंडपेशी आधी मरतात आणि शंकुपेशी मागाहून, दोन्ही डोळ्यांत बरोबरीने. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. त्यामुळे मालकाला पत्ता लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. दुपारी बाराला बासू डोळस कुत्री असते. संध्याकाळी सातला आंधळी. आत्ता पहाट आहे, आणि जिना उतरायचा आहे.

सव्वासहा

आमचा दुसरा मजला. इमारत जुनी, लिफ्ट नाही. चढताना तिला अडत नाही, कारण पुढची पायरी नाकाशीच असते. उतरताना मात्र पुढे नुसती पोकळी. सगळ्यात वरच्या पायरीवर मी गोणपाटाची पट्टी चिकटवली आहे. पंजाला ती लागली की बासू थांबते. मी म्हणते, "पायरी." ती एक पंजा खाली सोडून चाचपते, सापडली की उतरते. तळाला आलो की, "संपली." हे दोन शब्द आणि "थांब", एवढ्यावर आमचं भागतं. घरातल्या प्रत्येकाने आपापला शब्द काढला की सगळं मुसळ केरात, म्हणून शब्द कागदावर लिहून दाराला लावले आहेत. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी न लावता पाठीवर मूठ असलेला हार्नेस घालते. अडखळली तर मान न खेचता सावरता येतं.

बंड्या पुढे असतो. बंड्या आमचा कायमचा, रस्त्यावरचा देशी, डाव्या कानाला नसबंदीची खाच असलेला. त्याच्या पट्ट्याला दोन घुंगरं बांधली आहेत. ती वाजली की बासू त्या दिशेने वळते. सुरुवातीला बंड्याला या दागिन्याची लाज वाटत असावी; खालच्या काळ्या बोक्यासमोरून जाताना तो मान ताठ धरून चालायचा, म्हणजे घुंगरं वाजू नयेत म्हणून.

फाटकाशी वॉचमनकाका टॉर्च मारतात. दोघांचेही डोळे चमकतात, बासूचे जरा जास्तच. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो. पुढचा पडदा झिजत गेला की तो थर उघडा पडतो, शिवाय बाहुल्या मोठ्याच राहतात, म्हणून ही चमक. काका म्हणतात, "काय तेज आहे हो हिच्या डोळ्यांत!" मी एकदा समजावून पाहिलं. त्यांना तेजच पसंत आहे.

आठ

चिकन, भात, लाल भोपळा. कांदा-लसूण बिलकूल नाही. कुत्र्याच्या रक्ताला ते बाधतात. भांडं रोज त्याच कोपऱ्यात, काथ्याच्या पायपुसण्यावर. पायाला काथ्या लागला की तिला जेवणाची जागा कळते. पाण्याचं भांडं जड पितळी, लाथ लागली तरी न सरकणारं.

नऊ

मावशी येतात. पूर्वी त्या केर काढताना खुर्च्या सरकवून जायच्या, आणि बासू संध्याकाळी त्या खुर्च्यांवर आपटायची. आता फरशीवर चिकटपट्टीचे तुकडे आहेत, चारी पायांच्या जागी. ही कल्पना मावशींचीच. त्यांच्या सासऱ्यांना रातांधळेपणा होता. गावाकडच्या घरात त्यांच्या बाजेपासून मोरीपर्यंत वहिवाटेत कोणी तांब्यासुद्धा ठेवत नसे. कुत्र्यांवरच्या पुस्तकांत पानोपानी जे सांगितलेलं असतं ते त्यांनी न वाचता केलं: घर हलवू नका.

दहा ते बारा

आज वीस तारीख. माझं पोटापाण्याचं काम लोकांचे हिशेब ठेवण्याचं. किराणा दुकानदार, टायरवाला, हार्डवेअरवाले, सगळ्यांचं जीएसटीचं थ्री-बी आज भरायचं, आणि निम्म्यांची बिलं आज सकाळीच येतात. त्यात बासूचे फोटो पाहून येणारे फोन.

पहिला फोन आवाजावरूनच ओळखू येतो. "मॅडम, लॅब फीमेल आहे ना? कागद आहेत का?" कागद नाहीत. "हरकत नाही. पिल्लांचं एक लिटर तरी निघेल ना?" नसबंदी झाली आहे म्हटल्यावर फोन बंद. कायदा यांना अडवत नाही असं नाही. २०१७ सालचे नियम आहेत, पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, दीड वर्षाच्या आतल्या मादीला व्यायला लावायचं नाही, वगैरे. पाळीव जनावर सोडून देणं हा १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. बासूच्या एका वेळच्या चिकनलाही तेवढे पुरत नाहीत.

या आजाराचा सर्वांत चीड आणणारा भाग पैदाशीतच आहे. लॅब्रॅडॉरमध्ये आणि कॉकरमध्ये याचा जो नेहमीचा प्रकार आढळतो तो आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच पिल्लात उतरतो. एकाकडूनच आलं तर पिल्लू धडधाकट राहतं, फक्त वाहक होतं. म्हणजे दोन निरोगी दिसणाऱ्या कुत्र्यांपासून आंधळी होणारी पिल्लं निपजतात, आणि नजर जायला लागते तोवर त्या पिल्लांचीही पिल्लं विकून झालेली असतात. जनुकाची चाचणी आहे. ती करायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवणं एवढंच लागतं. बासूची पिल्लं कुणाकुणाच्या दिवाणखान्यात आहेत कोण जाणे. ती सगळी किमान वाहक तरी असणारच.

दुसरा फोन एका तरुण जोडप्याचा, हिंजवडीहून. बाई फोनवरच रडायला लागल्या. "आम्हाला आंधळाच कुत्रा हवा होता," म्हणाल्या. मी विचारलं, घर स्वतःचं का? नाही, अकरा महिन्यांचा करार; पुढच्या वर्षी बंगळुरूही होऊ शकतं. दिवसा घरी कोण? कोणी नाही, पण कॅमेरा आहे. नवऱ्याने विचारलं, परदेशात यावर काही उपचार निघालाय का? प्रश्न चांगला होता, म्हणून थ्री-बी बाजूला ठेवून उत्तर दिलं. पडद्याच्या एका वेगळ्या आनुवंशिक आजारात निघाला आहे. ब्रियार्ड जातीच्या वंशातली जवळजवळ जन्मांध पिल्लं होती, त्यांच्या डोळ्यांत निरोगी जनुक सोडल्यावर त्यांना दिसायला लागलं. हे २००१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. त्याच वाटेने पुढे माणसांच्या मुलांसाठी उपचार तयार झाला आणि २०१७ च्या डिसेंबरात तिथे त्याला मान्यता मिळाली. कुत्र्यांच्या डोळ्यांनी मुलांचे डोळे उघडले. पण बासूचं जनुक निराळं, तिच्यासाठी दवाखान्यात आज काही मिळत नाही. त्यांना मी नाही म्हटलं नाही. सहा महिने एका जागी टिकून फोन करा म्हटलं. दया वाईट नसते. फक्त महिनाभराने तिला त्याच जिन्यावर त्याच वेळी "पायरी, पायरी" म्हणायचा कंटाळा येतो.

मला रटाळ माणसं हवी असतात. ज्यांच्या घरात कपाट वीस वर्षं एकाच भिंतीला आहे, जेवण एकाच वेळी होतं, आणि दिवाणखान्याची मांडणी बदलायची हौस कोणाला नाही.

बारा

गच्चीवर लख्ख ऊन. ही तिची वेळ. निळा चेंडू फेकला की ती धावत जाऊन तोंडात धरते, आणि बघणाऱ्याला वाटतं, ही आंधळी? चेंडू निळाच लागतो. कुत्र्याला निळं आणि पिवळं वेगळं कळतं, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हिरवळीवरचा लाल चेंडू चांगल्या नजरेच्या कुत्र्यालाही नाकाने शोधावा लागतो. चेंडू गडगडत असेल तोवर तिला दिसतो, थांबला की कधीकधी हरवतो. कठड्याच्या कडेने मी उभी राहते.

फोटो इथेच, याच वेळी काढलेले आहेत. फोटोतली बासू नुसती देखणी दिसते. म्हणूनच फोटोवर भुलून येणाऱ्याला मी दुपारी बोलावत नाही. "दिवेलागणीनंतर या," म्हणते. काही लोकांना हा अपमान वाटतो. येऊन, चहा पिऊन, ती सोफ्याच्या हाताला धडकल्यावर घड्याळाकडे बघणारेही झाले. बरं झालं, चहावरच भागलं.

मात्र घर आत्ताच, या हिवाळ्यातच मिळायला हवं, यालाही कारण ही दुपारच आहे. शंकुपेशी आहेत तोवर ती नवं घर डोळ्यांनी शिकेल. दार कुठे, पाणी कुठे, उंबरा केवढा. एकदा नकाशा डोक्यात बसला की मग नजर गेली तरी तो राहतो. बाकीचं नाक, कान आणि मिशा सांभाळतात. पूर्ण अंधार झाल्यावर नवं घर शिकणारी कुत्रीही असतात, शिकतातही. पण ते फार कष्टाचं असतं, आणि टाळता येत असेल तर का टाळू नये?

तीन

सासूबाईंचं आणि बासूचं दुपारचं पडणं झालं आहे. आई विचारतात, "माझं केलं तसं हिचं मोतीबिंदूचं करून टाका की." हा प्रश्न त्या दर आठवड्याला विचारतात आणि दर वेळी मी नव्याने उत्तर देते. मोतीबिंदू भिंगात असतो. भिंग बदललं की झालं, आणि कुत्र्यांमध्येही ती शस्त्रक्रिया होते. हिचा बिघाड पडद्यात आहे. पडद्यापुढचं भिंग कितीही स्वच्छ करा, मागे चित्र उमटायलाच कोणी नाही. पीआरएत पुढे मोतीबिंदूही येतो बरेचदा, आणि मग लोक शस्त्रक्रियेला धावतात. चांगला डॉक्टर आधी पडदा जिवंत आहे का ते तपासतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात दिसणारी निळसर झाक आणखी तिसरीच गोष्ट. ती वयाची असते आणि तिने नजर फारशी जात नाही.

"म्हणजे हिला काहीच नाही करायचं?"

"डोळ्यात काही नाही. घरात पुष्कळ."

एका गोष्टीवर मात्र रोज नजर ठेवते. डोळा लाल झाला, पाणी येऊ लागलं, पापणी मिटून घेतली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. काचबिंदूने डोळ्यातला दाब चढतो, तो प्रचंड दुखतो आणि थोड्या काळात डोळा घेऊन जातो. गोचिडांच्या तापानेही डोळ्यात सूज येते, रक्त उतरतं. बासूपूर्वी माझ्याकडे होता तो तपकिरी कुत्रा तसाच आला होता. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या म्हणून त्याचा एक डोळा वाचला. आंधळं होत चाललेल्या कुत्र्याचा डोळा "तसाही जाणारच" म्हणून दुखू देणारे लोक मी पाहिले आहेत.

साडेपाच

ऊन गच्चीच्या टाकीवर चढतं आणि बासूची चाल बदलायला लागते. पावलं आखूड होतात, पुढचे पाय जरा जास्त उंच उचलले जातात, नाक जमिनीकडे. सहाच्या सुमाराला ती भिंतीच्या कडेने चालू लागते. घरातले सगळे दिवे लावले तरी उन्हाची बरोबरी होत नाही. आई देवापाशी दिवा लावतात, बासू उदबत्तीच्या वासावरून त्यांच्या मागे जाऊन बसते. तेवढी एक वाट तिने स्वतःच शोधली आहे.

पावणेसात

बासूला बघायला एक काका-काकू मावळातून आले आहेत. त्यांच्या पुण्यातल्या लेकीने फोटो पाहिला होता. काका एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाले. स्वतःचं बैठं घर, अंगण, रिकामा गोठा. आधीचा कुत्रा म्हातारपणाने गेला.

काका आत येतात आणि एकदम पुढे होत नाहीत. दाराशीच खाकरतात, खाली जमिनीवर बसतात, हात मांडीवर. बासू आवाजाच्या दिशेने निघते आणि वाटेत त्यांच्या पिशवीला अडखळते. पिशवी मी मुद्दाम उचललेली नाही. काकूंचा हात पुढे होतो, काका त्यांना नजरेनेच थांबवतात. बासू पिशवी हुंगते, वळसा घालते, पोचते. काकांचा बूट, गुडघा, मग तळहात.

"सगळी नोकरी रातराणीवर गेली माझी," काका म्हणतात. "समोरून फुल लाइट मारून गेला की मागनं दोन मिनिटं काही दिसत नाही. तेव्हा रस्ता पाठ असला तरच गाडी चालते. हिचं तसंच दिसतंय."

मी दिवाणखान्यातला मोठा दिवा बंद करते, फक्त स्वयंपाकघरातला उजेड ठेवते. बासू जागच्या जागी उभी राहते. एक पंजा उचललेला, कान पुढे. मग बंड्याची घुंगरं ऐकून हळूहळू निघते आणि दाराच्या चौकटीला खांदा घासून पार होते. दोघं बघत राहतात. हे त्यांनी आज बघायलाच हवं.

"पुढे काय होईल?" काका विचारतात.

"पुढे दुपारही जाईल. कधी, ते डॉक्टर सांगत नाहीत. पण जाईल."

काका काही बोलत नाहीत. काकू बोलतात, आणि त्यांचे प्रश्न ऐकताना मला माझी थ्री-बी आठवेनाशी होते. अंगणात हौद आहे, त्याला झाकण करायचं की जाळी? (जाळी, माणसाचं वजन पेलणारी.) तुळशीवृंदावन मधोमध आहे, ते काही हलवायचं नाही, मग तिची वाट कोणत्या बाजूने पाडायची? गोठ्याला दोन पायऱ्या आहेत, तिथे काय बांधायचं? विहीर? विहीर शेजाऱ्यांची, मधे कुंपण आहे. पण एके ठिकाणी वाकलंय, ते आधी नीट करून घेते. कुत्री किती प्रेमळ आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

"आज नेऊ का मग?" काका.

"नाही. अंधारात नवं घर दाखवायचं नाही. रविवारी सकाळी मी घेऊन येते, दहाच्या उन्हात. घर बघते, कुंपण बघते. पटलं तर तिला ठेवून येते, नाहीतर ती माझ्याबरोबर परत." दोघंही रुसत नाहीत. फॉर्मवर सही करताना काका एक अट मोठ्याने वाचतात: कुत्री सांभाळणं जमलं नाही तर दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, आमच्याकडेच परत आणायची. "हे बरं आहे," म्हणतात.

नऊ

जेवणं उरकून पुन्हा हिशेब. टायरवाल्याची बिलं शेवटी आली. मधेमधे वहीत बासूबरोबर द्यायचा कागद लिहिते आहे. शब्द: पायरी, संपली, थांब. जेवण आठ आणि सात. सतरंजी धुवायची नाही, तशीच द्यायची, तिचा वास तिला ओळखीचा. पहिले काही दिवस एकच खोली, मग दुसरी, मग अंगण, हार्नेस घालूनच. त्यांच्या दाराशी गोणपाट, जेवणाच्या जागी काथ्या, म्हणजे खुणा त्याच राहतील. घुंगरं बंड्याची राहणार. काकू पैंजण घालतात, ते बघितलंय.

दहाला फोन. काकू.

"ताई, झोपला नाहीत ना? एक विचारायचं राहिलं. कुकरच्या शिट्टीला घाबरते का हो?"

"शिट्टीला नाही. मिक्सरला घाबरते."

"मग मिक्सर मागच्या पडवीत नेते. पण तिथून तिची जायची वाट नाही ना पडायची?"

"तुम्ही जागा एकदा ठरवा, आणि मग हलवू नका."

"मग आत्ताच नेते. रविवारी ती येईल तेव्हा सगळं जिथल्या तिथे असलं पाहिजे." मागून काकांचा आवाज येतो, मिक्सरची वायर तिकडे पुरत नाही म्हणून. त्यावर काकूंनी काय सांगितलं ते ऐकायला मी थांबत नाही. हार्डवेअरवाल्याचं चलन बाराच्या आत भरायचं आहे.